साखर आटोक्यात आली, तरी मूत्रपिंडाचा बिघाड का चालू राहतो?

मधुमेहाने मूत्रपिंड बिघडते, हे आता घरोघरी माहीत असलेले विधान आहे. तथापि त्याचा बारकाईने विचार केला, तर त्यात दोन कोडी दिसतात. पहिले असे, की मधुमेहाच्या साधारणतः ३० ते ४० टक्के रुग्णांच्या मूत्रपिंडांना कालांतराने इजा होते आणि उरलेल्यांची मूत्रपिंडे तितकीच वर्षे तोच आजार बाळगूनही बऱ्याच अंशी शाबूत राहतात. दुसरे कोडे याहून अवघड आहे. रक्तातील साखर एकदा आटोक्यात आली, की तिच्यामुळे होणारी हानीही थांबावी अशी साधी अपेक्षा असते. शरीर मात्र त्या अपेक्षेप्रमाणे वागत नाही.

अमेरिका आणि कॅनडा येथे १९८३ ते १९९३ या काळात पहिल्या प्रकारच्या मधुमेहाच्या १,४४१ रुग्णांवर ‘डीसीसीटी’ या नावाने ओळखली जाणारी चाचणी झाली. तीत एका गटाची साखर इन्शुलिनच्या साहाय्याने शक्य तितकी काटेकोर ठेवण्यात आली, तर दुसऱ्या गटाला त्या काळचे रूढ उपचार देण्यात आले. त्यामुळे मागील सुमारे तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारा एचबीएवनसी हा निर्देशांक पहिल्या गटात ७ टक्क्यांच्या, तर दुसऱ्या गटात ९ टक्क्यांच्या आसपास राहिला. चाचणी संपल्यावर दुसऱ्या गटालाही काटेकोर उपचारांची पद्धत शिकवण्यात आली आणि काही वर्षांत दोन्ही गटांचा निर्देशांक ८ टक्क्यांच्या आसपास एकत्र आला. साखर सारखी झाली, तरी मूत्रपिंडांचे भवितव्य सारखे झाले नाही: सुमारे दोन दशकांच्या पाठपुराव्यात मूत्रपिंडाची कार्यक्षमता लक्षणीयरीत्या घसरण्याचा धोका आरंभापासून काटेकोर उपचार मिळालेल्या गटात जवळपास निम्मा राहिला. जुन्या साखरेचा परिणाम अशा रीतीने मागे उरण्याला ‘चयापचयी स्मृती’ म्हणतात.

भारतात हा प्रश्न केवळ शास्त्रीय कुतूहलाचा नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि राज्यनिहाय विचार करता त्याचे सर्वाधिक, म्हणजे २६.४ टक्के, प्रमाण गोव्यात आढळले. पेशी जुनी साखर लक्षात कशी ठेवतात, या प्रश्नाच्या उत्तराचा एक महत्त्वाचा भाग गेल्या दोन दशकांत एका अनपेक्षित ठिकाणी सापडला आहे. तो म्हणजे स्वतः कोणतेही प्रथिन न घडवणारे, ‘नॉन-कोडिंग आरएनए’ या नावाने ओळखले जाणारे रेणू.

गाळणी आणि तिच्यावरचा व्रण

प्रत्येक मूत्रपिंडात नेफ्रॉन नावाची सुमारे १० लाख सूक्ष्म एकके असतात. प्रत्येक नेफ्रॉनच्या तोंडाशी अतिशय बारीक रक्तवाहिन्यांचा एक गुच्छ असतो, त्याला केशिकागुच्छ म्हणतात. रक्त येथे गाळले जाते. दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि पुढच्या लांब नलिकेत त्यातील बहुतेक सगळा परत शोषला जाऊन जेमतेम दीड-दोन लिटर लघवी बाहेर पडते.

या रचनेत तीन प्रकारच्या पेशी ध्यानात ठेवाव्या लागतात. केशिकांच्या बाहेरील बाजूस पोडोसाइट नावाच्या पेशी असतात, ज्यांचे पायांसारखे फाटे एकमेकांत गुंतून सूक्ष्म फटी तयार करतात आणि रक्तातील अल्ब्युमिनसारखी प्रथिने लघवीत जाऊ देत नाहीत. गुच्छाच्या मध्यभागी केशिकांना आधार देणाऱ्या मेसँजियल पेशी असतात. पुढच्या नलिकेला नलिकापेशींचे अस्तर असते.

साखर दीर्घकाळ चढी राहिली, की या पेशींत टीजीएफ-बीटा नावाचे संदेशवाहक प्रथिन वाढते. जखम भरून काढण्यासाठी शरीर हेच प्रथिन वापरते, कारण त्याच्या आज्ञेने पेशी कोलॅजेनसारखे धागे तयार करतात. जखम भरली, की ही आज्ञा मागे घेतली जाते. मधुमेही मूत्रपिंडात मात्र ती मागे घेतली जात नाही. मेसँजियल पेशी फुगतात, त्यांच्याभोवती कोलॅजेन साचते, गाळणीचे अस्तर जाड होते, पोडोसाइटांचे फाटे सपाट होऊन फटी बिघडतात आणि लघवीतून अल्ब्युमिन जाऊ लागते. गाळणारा भाग अशा प्रकारे निबर धाग्यांनी भरून जाण्याच्या क्रियेला तंतुभवन म्हणतात. तेव्हा मूळ प्रश्न असा उरतो, की ही आज्ञा मागे का घेतली जात नाही.

प्रथिन न घडवणारा आरएनए

मानवाच्या डीएनएत सुमारे ३०० कोटी अक्षरजोड्या आहेत, परंतु प्रथिने घडवणारी जनुके जेमतेम २०,००० असून त्यांच्या प्रत्यक्ष कृतीने व्यापलेला भाग दोन टक्क्यांहूनही कमी भरतो. पेशीच्या केंद्रकात जनुकाची आरएनए या रेणूत नक्कल होते, ही नक्कल म्हणजे संदेशवाहक आरएनए केंद्रकाबाहेर येते आणि तिच्यावरून प्रथिन जुळवले जाते, हा शालेय पाठ खरा आहे. पण तो अपुरा आहे. उरलेल्या विस्तीर्ण डीएनएच्याही मोठ्या भागाची आरएनएत नक्कल होत असते आणि त्या नकलांवरून कोणतेही प्रथिन बनत नाही. यांतील अनेक रेणू, कोणत्या जनुकाचे प्रथिन केव्हा आणि किती बनावे, याचे नियमन करतात.

शेतात पाटाचे पाणी सोडले असता दारे धरणारा माणूस स्वतः पीक काढत नाही. तथापि कोणत्या वाफ्याचे तोंड उघडायचे, कोणते मातीने बुजवायचे आणि पाणी किती वेळ चालू ठेवायचे, हे त्याच्या फावड्यावर अवलंबून असते, आणि त्याचे लक्ष चुकले, तर एका वाफ्यातले पीक सडते व शेजारचे वाळते. नॉन-कोडिंग आरएनएचे पेशीतील काम या स्वरूपाचे आहे. मधुमेही मूत्रपिंडात जनुके बहुधा जशीच्या तशी असतात; बिघडते ते त्यांच्या वापराचे प्रमाण.

अशा आरएनएंचे दोन वर्ग येथे महत्त्वाचे आहेत. सुमारे २२ घटकांची लहानशी साखळी म्हणजे मायक्रोआरएनए, तर २०० पेक्षा अधिक घटकांची साखळी म्हणजे लांब नॉन-कोडिंग आरएनए. पहिला मायक्रोआरएनए १९९३ मध्ये व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकन यांच्या प्रयोगशाळांनी जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या एका कृमीत शोधला. कित्येक वर्षे ती त्या कृमीपुरतीच विचित्र गोष्ट मानली गेली; पुढे अशाच रेणूंचा आढळ मानवासह बहुतेक प्राण्यांत झाला आणि २०२४ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक या दोघांना देण्यात आले.

मायक्रोआरएनएची कार्यपद्धती पायऱ्यापायऱ्यांची आहे. प्रथम केंद्रकात एक लांब पूर्वरूप बनते. ड्रोशा नावाचे विकर ते छाटते, केंद्रकाबाहेर डायसर नावाचे दुसरे विकर त्याला अंतिम आकार देते आणि तयार झालेला तुकडा अर्गोनॉट या प्रथिनात जाऊन बसतो. त्यानंतर तो आपल्या अक्षरक्रमाशी जुळणारा भाग असलेले संदेशवाहक आरएनए हुडकतो आणि ते नष्ट तरी करवतो किंवा त्यांच्यावरून प्रथिन बनणे मंदावतो. जुळणी सात-आठ अक्षरांची असली तरी पुरते, त्यामुळे एकच मायक्रोआरएनए शेकडो संदेशांवर परिणाम करू शकतो. मात्र प्रत्येक संदेशावरचा परिणाम बहुधा सौम्य असतो.

स्वतःलाच पोसणारे चक्र

मधुमेही मूत्रपिंडाच्या संदर्भात सर्वाधिक अभ्यासल्या गेलेल्या रेणूंपैकी एक म्हणजे मायक्रोआरएनए-१९२. कॅलिफोर्नियातील ‘सिटी ऑफ होप’ या संस्थेत रमा नटराजन आणि मित्सुओ काटो यांच्या गटाने २००७ मध्ये दाखवून दिले, की मेसँजियल पेशींना टीजीएफ-बीटा दिल्यास हा मायक्रोआरएनए वाढतो आणि मधुमेही उंदरांच्या केशिकागुच्छांतही तो अधिक आढळतो. पुढील संशोधनातून जे चित्र तयार झाले, त्यात चयापचयी स्मृतीचे एक संभाव्य स्पष्टीकरण सापडते.

निरोगी मेसँजियल पेशीत झेब-१ आणि झेब-२ ही दोन प्रथिने कोलॅजेनच्या जनुकावर बसून ते दाबून ठेवतात. साखर चढते, टीजीएफ-बीटा वाढते, त्याच्यामुळे मायक्रोआरएनए-१९२ वाढतो आणि तो झेब प्रथिनांचे संदेश दाबतो. झेब हटली, की कोलॅजेनचे जनुक मोकळे होते. तथापि झेब केवळ कोलॅजेनवरच पहारा देत नसतात. मायक्रोआरएनए-२०० या कुळातील काही रेणूंची जनुकेही त्यांच्याच दाबाखाली असतात. ती मोकळी झाली, की हे नवे मायक्रोआरएनए झेबना आणखी खाली दाबतात, आणि झेबचा दाब टीजीएफ-बीटाच्या स्वतःच्या जनुकावरूनही उठल्यामुळे पेशी अधिक टीजीएफ-बीटा तयार करू लागते. ज्या संदेशाने साखळी सुरू झाली, तोच संदेश साखळीच्या शेवटी पुन्हा जन्माला येतो.

याच साखळीची दुसरी शाखा मायक्रोआरएनए-२१६ए आणि २१७ यांच्याकडे जाते. हे दोन्ही रेणू पेटेन या, पेशीची वाढ रोखणाऱ्या प्रथिनाला कमी करतात. त्यामुळे एकेटी नावाचे वाढीला चालना देणारे विकर सक्रिय होते आणि पेशी फुगतात. शिवाय एकेटीच्या प्रभावाने मायक्रोआरएनए-१९२ च्या जनुकाभोवतीच्या प्रथिनांवर रासायनिक बदल होऊन ते जनुक दीर्घकाळ उघडे राहते. अशी स्थिती निर्माण झाल्यावर ती टिकवून धरण्यासाठी चढ्या साखरेची तितकीशी गरज उरत नाही, ही येथील कळीची बाब होय. चयापचयी स्मृतीची इतरही कारणे आहेत, साखर चिकटून कायमची बदललेली प्रथिने हे त्यांपैकी एक. परंतु स्वतःलाच पोसणाऱ्या या चक्रामुळे साखर उतरल्यावरही आज्ञा चालू का राहते, याचा उलगडा बऱ्याच अंशी होतो.

या चक्राभोवती इतर मायक्रोआरएनएही काम करत असतात. मायक्रोआरएनए-२९ कोलॅजेनचे संदेश थेट दाबतो, म्हणजे तो तंतुभवनाच्या विरोधात आहे. टीजीएफ-बीटा नेमके त्याचेच प्रमाण घटवते. मायक्रोआरएनए-२१ याच्या उलट वाढतो आणि टीजीएफ-बीटाला आवर घालणाऱ्या स्मॅड-७ या प्रथिनाला कमी करतो. एकाच संदेशाने चालना देणारे रेणू वाढवावेत आणि आवर घालणारे घटवावेत, यामुळे बिघाडाची दिशा पक्की होत जाते.

पोडोसाइट आणि लांब आरएनए

मायक्रोआरएनए मूत्रपिंडाला किती आवश्यक आहेत, हे २००८ मध्ये स्वतंत्रपणे झालेल्या प्रयोगांनी स्पष्ट केले. उंदरांच्या केवळ पोडोसाइटांतून डायसर हे विकर काढून टाकले असता त्या पेशींत तयार मायक्रोआरएनए बनेनासे झाले. परिणामी पोडोसाइटांचे फाटे मोडले, लघवीतून प्रथिने वाहू लागली आणि काही आठवड्यांतच मूत्रपिंडे निकामी होऊन ते उंदीर दगावले. पोडोसाइट एकदा पूर्ण घडल्यावर सहसा विभाजित होत नाहीत, म्हणून त्यांची झीज भरून निघणे अवघड असते आणि त्यांच्यातील नियमनाचा बिघाड महागात पडतो.

लांब नॉन-कोडिंग आरएनए वेगवेगळ्या मार्गांनी काम करतात. टीयूजी-१ नावाचा असा एक आरएनए पोडोसाइटांत पीजीसी-१-अल्फा या प्रथिनाला साहाय्य करतो, आणि ते प्रथिन पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियांची निगा राखते. मधुमेही उंदरांत टीयूजी-१ घटतो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात पोडोसाइटांतील त्याचे प्रमाण वाढवले असता मायटोकाँड्रियांची स्थिती सुधारली आणि लघवीतील अल्ब्युमिनही कमी झाले.

काही लांब आरएनए इतर रेणूंचे उगमस्थान असतात. काटो आणि नटराजन यांच्याच गटाने २०१६ मध्ये वर्णन केलेल्या एलएनसी-एमजीसी या आरएनएच्या पोटात सुमारे ४० मायक्रोआरएनएंचा समूह दडलेला आहे. चढ्या साखरेमुळे पेशीतील प्रथिने घडवण्याच्या यंत्रणेवर ताण आला, की हा आरएनए वाढतो आणि त्याच्यासोबत तो सगळा समूह. मधुमेही उंदरांत हा एकच आरएनए रोखल्यावर समूहातील अनेक रेणू एकदम उतरले आणि केशिकागुच्छांत होणारे आरंभीचे बदल सौम्य राहिले.

पीव्हीटी-१ या आरएनएची वाट निराळी आहे. अमेरिकेतील ॲरिझोना प्रांतातील पिमा या आदिवासी समाजात दुसऱ्या प्रकारचा मधुमेह आणि त्यामुळे होणारा मूत्रपिंडाचा आजार यांचे प्रमाण फार मोठे आहे. त्यांच्या डीएनएची छाननी करताना २००७ मध्ये मूत्रपिंड पूर्णपणे निकामी होण्याशी या जनुकाचा संबंध आढळला, आणि नंतरच्या प्रयोगांत चढ्या साखरेने मेसँजियल पेशींतील पीव्हीटी-१ वाढतो व त्यासोबत तंतुभवनाची प्रथिनेही वाढतात, असे दिसले. सारखीच साखर असलेल्या दोघांपैकी एकाचेच मूत्रपिंड का बिघडते, या पहिल्या कोड्याच्या उत्तराचा एक अंश अशा आनुवंशिक फरकांत असू शकतो.

एकच रेणू, दोन उलट निष्कर्ष

मायक्रोआरएनए-१९२ घातक ठरवून तो रोखावा, इतके हे प्रकरण सरळ नाही. ब्रिटनमधील कार्डिफ येथील संशोधकांनी २०१० मध्ये रुग्णांच्या मूत्रपिंडांचे सूक्ष्म तुकडे तपासले, तेव्हा आजार पुढच्या टप्प्याला गेलेल्या रुग्णांत हा रेणू वाढलेला नव्हे, तर घटलेला आढळला. आणि तो जितका कमी, तितके तंतुभवन अधिक होते.

ही विसंगती कोणाच्या चुकीमुळे निर्माण झालेली नाही. कार्डिफच्या गटाचे लक्ष मेसँजियल पेशींवर नव्हते, तर नलिकापेशींवर होते. नलिकापेशींत टीजीएफ-बीटा मायक्रोआरएनए-१९२ वाढवत नाही, उलट कमी करते. त्यामुळे तेथे झेब प्रथिने वाढतात. मेसँजियल पेशीत कोलॅजेनवर पहारा देणारे झेब नलिकापेशीत वेगळे वागते: शेजारच्या पेशींना एकमेकींशी घट्ट धरून ठेवणारे ई-कॅडहेरिन हे प्रथिन ते दाबते, म्हणून नलिकापेशी आपले मूळ रूप गमावू लागतात. रेणू तोच, त्याचे लक्ष्यही तेच. परंतु पेशी बदलली, की परिणाम उलटा होतो. म्हणून या क्षेत्रातील ‘अमुक आरएनए वाढला’ अशा कोणत्याही विधानापुढे, तो कोणत्या पेशीत आणि आजाराच्या कोणत्या टप्प्यावर वाढला, हे दोन प्रश्न विचारल्याखेरीज त्याला अर्थ येत नाही.

तपासणी आणि औषध

मुक्त आरएनए शरीरद्रवांत लवकर नष्ट होतो. तथापि पेशी आपले मायक्रोआरएनए मेदाच्या सूक्ष्म पिशव्यांत बंद करून बाहेर सोडतात आणि या पिशव्या, म्हणजे एक्सोसोम, रक्तात व लघवीत सापडतात. त्यामुळे मूत्रपिंडात सुई न घालता तेथील घडामोडींचा अंदाज घेता येईल, अशी शक्यता निर्माण झाली आहे. अमेरिकेतील जॉसलिन मधुमेह केंद्राच्या २०१५ मधील अभ्यासात पहिल्या प्रकारच्या मधुमेहाच्या ज्या रुग्णांच्या रक्तात मायक्रोआरएनए-२९ए अधिक होता, त्यांची मूत्रपिंडे निकामी होण्याचा धोका कमी, तर मायक्रोआरएनए-२१ अधिक असलेल्यांचा धोका जास्त दिसला. प्रयोगशाळेत दिसलेल्या दिशेशी हे जुळते. मात्र नमुना घेण्याच्या व मोजणीच्या पद्धती वेगवेगळ्या असल्याने निरनिराळ्या अभ्यासांची आकडेवारी सहज ताडून पाहता येत नाही, आणि म्हणूनच ही तपासणी अद्याप रोजच्या दवाखान्यात आलेली नाही.

औषधाच्या बाबतीत कल्पना सोपी आहे: नको असलेल्या आरएनएला नेमका जुळणारा कृत्रिम तुकडा तयार करून त्याला जखडून टाकायचे. मधुमेही उंदरांत मायक्रोआरएनए-१९२ अशा तुकड्याने रोखला असता कोलॅजेन आणि लघवीतील प्रथिने दोन्ही घटली. माणसांत मात्र अनुभव सावध करणारा आहे. आल्पोर्ट सिंड्रोम या मूत्रपिंडाच्या आनुवंशिक आजारात मायक्रोआरएनए-२१ रोखणाऱ्या लॅडेमिर्सेन या औषधाचे उंदरांवरील पूर्वपरिणाम आशादायक होते, परंतु रुग्णांवरील दुसऱ्या टप्प्याची चाचणी अपेक्षित लाभ दिसण्याची चिन्हे नसल्याने २०२२ मध्ये थांबवण्यात आली.

अडचणी दोन प्रकारच्या आहेत. एक म्हणजे पोहोचवण्याची: असे तुकडे रक्तात सोडले, की ते यकृतात आणि मूत्रपिंडाच्या नलिकापेशींत मोठ्या प्रमाणात जमतात, परंतु पोडोसाइट वा मेसँजियल पेशींपर्यंत पुरेशा मात्रेत पोहोचवणे कठीण जाते. लघवीत ऑक्झलेट साचून मूत्रपिंड बिघडवणाऱ्या एका दुर्मिळ आजारावर २०२० मध्ये मान्यता मिळालेले लुमासिरान हे आरएनएवर आधारित औषधही प्रत्यक्षात यकृतावरच काम करते. दुसरी अडचण नेमकेपणाची: एक मायक्रोआरएनए शेकडो संदेशांना स्पर्श करतो आणि वेगवेगळ्या पेशींत वेगवेगळे वागतो, म्हणून एका पेशीला वाचवताना दुसरीची हानी होणार नाही, हे पाहावे लागते.

तोवर सिद्ध झालेल्या उपायांची यादी लहान असली, तरी भक्कम आहे. साखर व रक्तदाब यांचे नियंत्रण, एसीई वा एआरबी गटातील गोळ्या, आणि ज्यांचा उपयोग २०१९ पासूनच्या मोठ्या चाचण्यांनी दाखवून दिला ती एसजीएलटी-२ रोधक औषधे मूत्रपिंडाची घसरण मंद करतात. नॉन-कोडिंग आरएनएच्या अभ्यासाने या उपायांच्या वेळेला नवा आधार दिला आहे. पेशीतील चक्र एकदा स्वतःच्या बळावर फिरू लागल्यावर ते थांबवणारे औषध आज उपलब्ध नाही. ते सुरू होण्याआधीची वर्षे मात्र हाती असतात. म्हणूनच दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात निदान झाल्यापासूनच आणि पहिल्या प्रकारात पाच वर्षांनंतर, काहीही त्रास नसताना, दरवर्षी मूत्रपिंडाची तपासणी करावी, या वैद्यकीय सल्ल्यात अतिदक्षता नाही. आजाराच्या यंत्रणेशी तो सुसंगतच आहे.

थोडक्यात

• मधुमेही मूत्रपिंडात टीजीएफ-बीटाच्या आज्ञेने कोलॅजेन साचते आणि गाळणी निबर होते.

• नॉन-कोडिंग आरएनए प्रथिने घडवत नाहीत. कोणते प्रथिन किती बनावे, हे त्यांच्यापैकी अनेक ठरवतात.

• मायक्रोआरएनए-१९२ आणि २०० हे झेब प्रथिनांना दाबून टीजीएफ-बीटाचे चक्र चालू ठेवतात. साखर उतरल्यावरही बिघाड चालू राहण्याचे हे एक कारण असू शकते.

• तोच रेणू वेगळ्या पेशीत उलट परिणाम करू शकतो, म्हणून त्याच्यावर आधारित औषध बनवणे अवघड जाते.

• सध्या उपयोगाच्या तपासण्या दोन आहेत: लघवीतील अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर, जे प्रतिग्रॅम ३० मिलिग्रॅमच्या खाली असावे, आणि रक्तातील क्रिएटिनिनवरून काढला जाणारा गाळण्याचा वेग.